अभ्यासिकेत बसवलेला फायबरचा राउटर: सात महिन्यांचा अनुभव

पुण्यातील आमच्या अभ्यासिकेत सात महिन्यांपूर्वी फायबर जोडणी घेतली, तेव्हा कंपनीने २०० एमबीपीएसच्या प्लॅनसोबत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड असलेला राउटर मोफत बसवून दिला. वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती, या राउटरला एका वेळी किती उपकरणे जोडता येतील याविषयी जोडणी देताना कोणी अवाक्षरही काढले नाही, याची.

सकाळच्या सत्रात सारे सुरळीत चाले. दुपारी दुसऱ्या सत्राची मुले आली की पासवर्ड बरोबर असूनही त्यांच्या मोबाइलवर ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढेच दिसत राही आणि थोड्या वेळाने जोडणी तुटे. ग्राहक सेवा केंद्राचे उत्तर ठरलेले होते: राउटर बंद करून पुन्हा चालू करा. तसे केल्यावर खरोखरच चाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. पाहणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने वरचा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला, ज्याचा या दुखण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

शेवटी राउटरची सेटिंग्ज मीच उघडून पाहिली. डीएचसीपीच्या, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवरचा आयपी पत्ता आपोआप वाटणाऱ्या सोयीच्या, पानावर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१४९ असे अवघे ५० पत्ते वाटपासाठी ठेवलेले होते आणि प्रत्येक पत्त्याची मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे चोवीस तास होती. त्यामुळे सकाळी येऊन बारा वाजता घरी गेलेल्या मुलाचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याच मोबाइलच्या नावावर अडकून राही. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी आणि गाडीत चढूच नये, त्यातला हा प्रकार. राउटर बंद केला की ही नोंद पुसली जाई, म्हणून तेवढ्यापुरता आराम पडे. त्यात अलीकडचे मोबाइल प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा मॅक पत्ता (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक) दाखवतात, त्यामुळे दोन बँडना दोन नावे दिलेली असली की एकच मोबाइल दोन आयपी पत्ते अडवू शकतो.

पत्त्यांची व्याप्ती २ ते २५४ अशी वाढवून मुदत दोन तासांवर आणली आणि दुपारची अडचण त्याच दिवशी संपली. पूर्वपरीक्षा जवळ येऊन गर्दी वाढली तेव्हा मात्र दुसरी भिंत आडवी आली: पत्ते शिल्लक असूनही नवा मोबाइल जोडूनच घेतला जाईना. वाय-फायच्या पानावर प्रत्येक नावामागे जास्तीत जास्त ३२ उपकरणांची मर्यादा घातलेली होती आणि तो रकाना कंपनीने कुलूपबंद केलेला असल्यामुळे आम्हाला बदलता येत नव्हता. अखेर स्वखर्चाने छताला वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे जोडउपकरण) लावला, तो केबलने राउटरला जोडला आणि पत्तेवाटपाचे काम राउटरकडेच राहावे म्हणून त्याचे डीएचसीपी बंद ठेवले. तेव्हापासून तक्रारवहीत वाय-फायचे नाव नाही, पंख्यांचे आहे.

चार-पाच माणसांच्या घराला हा राउटर निर्धास्तपणे चालेल, पण अभ्यासिका, शिकवणी किंवा खानावळ चालवणाऱ्यांनी प्लॅनचा वेग विचारण्याआधी या दोन मर्यादा विचारून, शक्यतो लेखी घ्याव्यात. राउटरला पाचपैकी तीन तारे. ग्राहक सेवेला एक, तोही फोन लगेच उचलतात म्हणून.