बेटावरचं बिऱ्हाड पुण्यात आणणारी शिफ्टिंग सर्व्हिस : साडेतीन स्टार

आधीच सांगतो, नाव टाकत नाहीये. ह्यात निम्मी तक्रार आहे नि निम्मं कौतुक, आणि ज्या मुलाचं कौतुक आहे त्याला माझ्यामुळे मालकाची बोलणी बसायला नकोत. फातिमानगरच्या बाजूला पहिल्या मजल्यावर छोटं ऑफिस आहे, खाली झेरॉक्सवाला. परदेशातून घरसामान आणणं, कस्टम्समधून सोडवणं आणि घरपोच देणं एवढंच करतात. नंबर मला चर्चमध्ये एका काकांनी दिला, त्यांचं सामान मस्कतहून ह्यांनीच आणलं होतं.

तर माझी ताई आणि भाऊजी आठ वर्षं रॉड्रिग्ज नावाच्या बेटावर मिशनरी होते. ऐकलं नसेल तर तुमची चूक नाही, २०१६ ला ते निघाले तेव्हा मलाही मॅपवर झूम करून करून शोधायला लागलं होतं. देश मॉरिशस, पण मॉरिशसच्याही पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब, अख्खं बेट १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीत अशी चार सहज मावतील. लोक क्रेओल (फ्रेंचवरून बनलेली बोली) बोलतात, बहुतेक कॅथलिक, बायका ओहोटीला लगूनमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, उतरून सळईने ऑक्टोपस धरतात आणि काठ्यांवर वाळत घालतात, आपल्याकडे बोंबील घालतात तसे. ताईंचं काम म्हणजे रविवारची उपासना, पोरांची शिकवणी, म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसणं आणि चक्रीवादळ येऊन गेलं की पत्रे ठोकायला हात लावणं. २०२३ च्या दिवाळीत ठरलं की आता परत यायचं, आईचं वय झालंय, भाचीचं पुढच्या शिक्षणाचं बघायचंय.

आता आठ वर्षांचा संसार आणायचा कसा? मी आधी दोन मोठ्या कंपन्यांना फोन केला. एकीकडची मुलगी म्हणाली सर रॉड्रिग्ज म्हणजे पोर्तुगाल ना, आणि दुसऱ्यांनी न विचारताच वीस फुटी अख्ख्या कंटेनरचं कोटेशन पाठवलं, ज्यात ढोबळमानाने ३३ क्यूबिक मीटर सामान बसतं आणि आमचं शेवटी भरलं जेमतेम सहा. म्हणजे एका माणसासाठी अख्खी एसटी बुक करा असला प्रकार. फातिमानगरवाल्यांनी सांगितलं की दुसऱ्यांच्या सामानाबरोबर कंटेनरमध्ये जागा घेऊ, जेवढे सीबीएम (म्हणजे क्यूबिक मीटर) तेवढे पैसे, बेटावरनं बोटीने पोर्ट लुईला, म्हणजे मॉरिशसच्या राजधानीला, आणि तिथून न्हावाशेवा बंदर. कोटेशन २,१०,०००. हो म्हटलं.

ऑफिसातल्या ज्या मुलाकडे आमचं काम दिलं तो असेल सव्वीस-सत्तावीसचा, बोलतो कमी, वहीत लिहितो जास्त. मला वाटलं पहिलं काहीतरी खोके किती वगैरे विचारेल, तर त्याने विचारलं दोघांच्या पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा. झालं, मला वाटलं हा आता वेळ काढणार. पण कारण होतं. किमान दोन वर्षं बाहेर राहून कायमचं परत येणाऱ्याला वापरलेलं घरसामान ५ लाखांपर्यंत ड्यूटी न भरता तेव्हा आणता यायचं, ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स म्हणतात त्याला, पण त्या मागच्या दोन वर्षांत भारतातल्या छोट्या-छोट्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांच्या वर जाऊन चालायचं नाही. आणि भाऊजी मध्ये त्यांच्या वडिलांच्या आजारपणात दोनदा येऊन राहिलेले. ह्याने इमिग्रेशनचा एकेक शिक्का बघून दिवस मोजले, १६३ निघाले. वाचलो. आणखी तीन आठवडे राहिले असते तर अवघड होतं, आणि हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात नव्हतं. (हे सगळं २०२३-२४ चं आहे हां, तुम्ही वाचाल तेव्हाचे नियम चेक करा.)

मग व्हिडिओ कॉल. ते आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे आपले संध्याकाळचे साडेचार म्हणजे तिथले तीन, ताई फोन घेऊन घरभर फिरायची आणि हा इकडे वहीत यादी करायचा, मी मध्ये चहा घेऊन बसलेलो. असे चार कॉल झाले. आणि खरं सांगतो, पैसे मी ह्या चार कॉलचे दिले असं समजतो, पॅकिंग काय कुणीही करेल.

पहिला फ्रिज. ताई म्हणाली न्यायचाय, चांगला चालतो. हा म्हणाला तीनशे लिटरच्या आतला आहे, ड्यूटी लागणार नाही, पण मॅडम मागची बाजू दाखवा. दाखवली. सगळी जाळी गंजून तांबडी झालेली. म्हणाला, खाऱ्या हवेने खाल्लेला फ्रिज न्हावाशेवापर्यंत आणून भंगारवाल्याला द्यायचा का? ताई गप्प. टीव्हीचं तर त्याने बोलूच दिलं नाही, फ्लॅट टीव्हीला ह्या सवलतीतही ड्यूटी बसते, तिथेच कुणालातरी द्या. वॉशिंग मशीन ड्यूटी फ्री पण त्यालाही तोच प्रश्न. अशी करत करत नऊ सीबीएमची यादी सहावर आणली त्याने. त्याची कंपनी सीबीएमवर पैसे घेते हे लक्षात घ्या.

भाच्याचा शिंपल्यांचा डबा होता, बिस्किटांचा मोठा पत्र्याचा, आठ वर्षांत गोळा केलेला, त्यात प्रवाळाचे तुकडेही. हा म्हणाला प्रवाळाचा एक खडाही नको, वन्यजीव कायद्यात येतं, पकडलं तर ड्यूटीचा विषय राहत नाही, केसच होते, आणि शिंपल्यांतही कुठला चालतो कुठला नाही हे ओळखत बसायला कस्टम्सवाल्याला वेळ नसतो. भाचा नऊ वर्षांचा. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. मग एकेकाचा फोटो काढून सगळे लगूनमध्ये परत टाकून आला, ४१ फोटो आहेत, आणि ते सगळे त्याने मला पाठवलेत, का ते देवाला माहीत.

आणि पेटी. २०१६ ला ताईने पुण्याहून नेलेली, आमच्या आजोबांची, रविवारी आमच्याकडे भजनं त्यावरच व्हायची. ती परत येणार हे मी धरूनच चाललो होतो, खरं तर सगळ्या सामानात मला फक्त तीच हवी होती. बेटावर अ‍ॅकॉर्डियनची फार आवड आहे, लग्नात, पार्टीत, सगळीकडे (त्यांचं डफासारख्या चपट्या वाद्यावरचं सेगा तांबूर तर २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं), त्यामुळे हाताने भाता हलवायचं वाद्य त्यांना नवीन नव्हतं आणि तिथल्या एका पोराने दोन वर्षांत ती वाजवायला शिकून घेतलं. ताई म्हणाली ठेवून येते. मी म्हटलं अगं आजोबांची आहे. तर आमचं दोघांचं त्या मुलासमोर व्हिडिओ कॉलवर भांडण. तो वही मिटून बसला, ना इकडचं बोलला ना तिकडचं. पाच मिनिटांनी ताईला म्हणाला, मॅडम वाजवून दाखवा. ताईने वाजवली. वरच्या सप्तकातले दोन सूर मुके. म्हणाला, लाकूड फुगलंय, इथे कोरड्या हवेत आणली की तडकेल, मग वाजवायलाही नाही आणि तिकडेही नाही. मी म्हटलं तुला काय कळतं पेटीतलं, जरा जोरातच बोललो, नंतर सॉरी म्हटलं. पेटी तिकडेच राहिली.

आता तक्रार.

त्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा सीझन, म्हणून त्या मुलाने आधीच सांगून ठेवलेलं की पुस्तकं नि कपडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून मग खोक्यात घाला. चांगला सल्ला. सामान जानेवारीच्या सुरुवातीला बेटावरून निघालं, एक-दीड दिवसात पोर्ट लुईच्या गोडाऊनला लागलं, आणि १५ जानेवारीला बेलाल चक्रीवादळ आलं. बातम्यांत पाहिलं असेल, पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या, एअरपोर्ट बंद. आम्ही इकडे फोन करतोय तर ह्यांच्या तिकडच्या पार्टनरचा फोन लागेना, ते एक वेळ समजू शकतो, पण फातिमानगरच्या मालकांनी दोन दिवस आमचा फोन उचलला नाही! आम्हाला काय जादू हवी होती? "अजून काही कळलं नाही, कळलं की सांगतो", एवढं एक वाक्य. तिसऱ्या दिवशी ताईनेच तिकडून गोडाऊनला फोन लावला. तिथला क्लार्क ताईचं नाव ऐकून म्हणाला मी पण मराठी. त्याचे पूर्वज कधीतरी कोकणातून गेलेले, आता बोलतो क्रेओल, मराठीत त्याला येतं गणपतीची आरती आणि घरातले चार शब्द (तिकडे गणेश चतुर्थीला सुट्टी असते, सरकारी). त्याने जाऊन खोकी बघितली, फोटो पाठवला, खालच्या थरातली दोन भिजली होती, बाकी फळीवर कोरडी. तो माणूस कंपनीचा नव्हता आणि त्याने पैसे घेतले नाहीत, त्याला ह्या रिव्ह्यूत वेगळे पाच स्टार.

ह्या गोंधळात उशीर झाला, आणि उशीर परवडणारा नव्हता, कारण सामानाचा मालक भारतात उतरल्यापासून एका महिन्यात सामान तिकडून निघायला हवं असा तेव्हाचा नियम. ताई लोक २ फेब्रुवारीला मुंबईत उतरले. जहाज निघालं २४ ला. मधले बावीस दिवस भाऊजी सकाळ-संध्याकाळ जहाजांच्या वेबसाइटवर, ज्या माणसाला मी कधी बातम्या बघतानाही पाहिलं नव्हतं.

दुसरी तक्रार. सुरुवातीला छातीठोक सांगितलं होतं की क्लिअरिंगला तुम्ही यायची गरज नाही, सही दिली की झालं. आणि मार्चमध्ये आदल्या रात्री साडेनऊला फोन की सर उद्या सकाळी ओरिजिनल पासपोर्ट घेऊन भाऊजींना न्हावाशेवाला यावं लागेल. पहाटे चारला गाडी काढली. एक्सप्रेसवे ठीक, पण उरण साइडला कंटेनरच्या रांगेत शिरलात की देवाचं नाव घ्यायचं. तो मुलगा मात्र आमच्या आधी पोचलेला, एसटीने आलेला, वही घेऊन.

कस्टम्सच्या साहेबांनी दोन खोकी उघडायला लावली. पहिल्यात पुस्तकं. दुसऱ्यात टोप्या, वाकोआ नावाच्या झाडाच्या पानांच्या विणलेल्या, तिकडे घरोघर विणतात. एकोणीस टोप्या. साहेब म्हणाले दुकान टाकताय का? भाऊजी प्रवचनात तासभर बोलतील पण तिथे तोंडातून शब्द फुटेना. मुलाने वही काढली, एक टोपी उलटी करून साहेबांपुढे धरली. आत पेनने नाव. दुसरी, दुसरं नाव. निघायच्या आधीच्या रविवारी तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक घराने एकेक दिली होती आणि आत आपलं नाव लिहिलं होतं, म्हणजे विसरू नये म्हणून. ह्याने कॉलवर ते बघून यादीत "वापरलेल्या टोप्या, भेट, नावासह, १९" असं लिहून ठेवलेलं. साहेबांनी तीन-चार उलट्या करून वाचल्या, एक आपल्या डोक्यावर ठेवून बघितली, आणि सोडलं.

तिसरी तक्रार पैशाची. २,१०,००० चे झाले २,५१,४००. डीओ चार्जेस (डिलिव्हरी ऑर्डरचे), डिस्टफिंग (कंटेनर रिकामा करायचे), सहा दिवसांचं ग्राउंड रेंट (सामान पडून राहिल्याचं भाडं), हे शब्द कोटेशनमध्ये कुठेच नव्हते. विचारलं तर मालक म्हणतात "ॲक्च्युअल्सवर असतं सर ते, सगळ्यांनाच लागतं". अहो सगळ्यांना लागतं तर सगळ्यांना आधी सांगा की. वर पुण्यात टेम्पो आल्यावर वाराईचे वेगळे ३,०००, आणि आमच्या सोसायटीत लिफ्टमधून सामान नेऊ देत नाहीत तर चौथ्या मजल्याचे अजून २,०००. हमालांची चूक नाही, त्यांनी एक कप फुटू दिला नाही. पण तुम्ही जाणार असाल तर कोटेशनच्या वर वीस टक्के धरूनच चला आणि "ह्यात काय काय नाही" असं लिहून मागा.

पॅकिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नीट होतं. भिजलेल्या दोन खोक्यांतलं प्लॅस्टिकमधलं सगळं वाचलं, फक्त भाचीची चित्रांची वही तिने शेवटच्या क्षणी वरून कोंबलेली, ती गेली. इन्शुरन्सवाल्याने वहीची किंमत विचारली, भाची म्हणाली राहू दे. खाण्याचं काही कार्गोत नको हेही ह्यानेच सांगितलेलं, म्हणून लिंबू-मिरचीच्या लोणच्याच्या दोन बाटल्या ताईने विमानात बॅगेतून आणल्या. आपल्यापेक्षा आंबट आणि जहाल. दोन्ही संपल्या.

पाचातला अर्धा कापला बिलासाठी, एक कापला त्या दोन दिवसांच्या न उचललेल्या फोनसाठी. गेलात तर मालकांशी बोलत बसू नका, खिडकीजवळच्या टेबलावर वहीवाला मुलगा असेल त्याच्याकडेच काम द्या म्हणावं.

गेल्या आठवड्यात ताई म्हणाली त्याला विचार ना, पेटीच्या त्या दोन मुक्या सुरांच्या रीड्स (आतल्या सूर देणाऱ्या पट्ट्या) इथे पेठेत मिळाल्या तर बेटावर पाठवता येतील का. मी फोन केला. म्हणाला, सर आमच्याकडून पाठवलंत तर कमीत कमी एक सीबीएमचा चार्ज लागेल, दोन रीड्सना कशाला, पाकिटात घालून सरळ पोस्टाने पाठवा. आणि मग म्हणाला, दोन नका पाठवू, चार पाठवा, तिकडे परत गंजतील.