जुने आकडे, उपग्रहांचे नकाशे आणि रिकामे चौकोन: मत्स्यविज्ञानाचा डेटा काही महिने वापरल्यानंतर

सागरी मत्स्यविज्ञानातले मोफत मिळणारे डेटासंच गेले काही महिने जवळपास रोज उघडून बसतोय. एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना) पकडीची आकडेवारी, तीच पकड नव्याने मांडणारा प्रकल्प सी अराउंड अस, आयसीईएस या समुद्र अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं सर्वेक्षण-भांडार डॅट्रास, मासेमारी जहाजांचा मागोवा घेणारं ग्लोबल फिशिंग वॉच आणि पाण्याच्या तापमानासाठी हॅडआयएसएसटी. हाताशी नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि आकडेमोडीसाठी आर. सुरुवातीला काय भारी वाटतं आणि नंतर काय डोकं खातं, हे या क्षेत्रात नव्याने शिरणाऱ्यांना आधीच कळलेलं बरं. निकाल आत्ताच सांगून टाकतो: सगळं वापरण्याजोगं आहे, काही तर अप्रतिम आहे. पण नकाशावरचा एखादा चौकोन रिकामा का आहे हे ज्या डेटातून कळत नाही, त्याच्या भरवशावर मी आता कुठलाच निष्कर्ष काढत नाही.

एफएओची आकडेवारी 1950 पासूनची. देश, प्रजाती, वर्ष आणि क्षेत्र, बस. क्षेत्र म्हणजे केवढं? जगातले सगळे समुद्र मिळून 19 तुकडे. क्षेत्र 27 म्हणजे अख्खा ईशान्य अटलांटिक. बिस्केच्या उपसागरापासून स्पिट्सबर्गनपर्यंत सगळं त्यात आलं. कालखंड घसघशीत, पत्ता मात्र 'समुद्रात कुठेतरी'. शिवाय हे आकडे देशांनी कळवलेले असतात आणि पकडून परत समुद्रात फेकलेली मासळी त्यात धरलेलीच नसते. जागतिक कल बघायचा तर याला पर्याय नाही. त्यापुढे मात्र ताणू नये.

ही उणीव भरून काढायचा प्रयत्न सी अराउंड असने केलाय. डॅनियल पॉली आणि डर्क झेलर यांनी 2016 मध्ये मांडलेला हिशोब प्रसिद्ध आहे: 1996 सालची जागतिक पकड कळवलेल्या आकड्यांप्रमाणे 8.6 कोटी टन, तर छोट्या होड्यांची, न कळवलेली आणि फेकून दिलेली मासळी धरून अंदाजे 13 कोटी टन. या फेरमांडणीवर वादही बरेच झाले, पण न नोंदवलेली मासळी शून्य धरणं हाही एक अंदाजच आहे, आणि तो नक्की चुकीचा आहे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. गंमत पुढे आहे. इथे पकड अर्ध्या अंशाच्या चौकोनांत वाटलेली मिळते आणि नकाशा इतका गुळगुळीत दिसतो की हात शिवशिवतात. पण ही वाटणी कुणी समुद्रात जाऊन मोजलेली नाही. प्रजातीचा पल्ला, खोली, अधिवास, कुठल्या देशाच्या जहाजांना कुठे मुभा आहे, अशा नियमांनी ती केलेली असते. तीच पकड खोलीशी ताडून बघितली की छान संबंध निघतो. निघणारच, आधी घातलाच होता. देशोदेशींच्या तुलनेसाठी उत्तम. माशांना कुठलं पाणी आवडतं हे शोधायला याच्या वाटेला जाऊ नका.

आता माझं लाडकं, डॅट्रास. यात युरोपभोवतीची ट्रॉल सर्वेक्षणं आहेत, म्हणजे जहाजामागे जाळं ओढून केलेली माशांची मोजणी. त्यातलं उत्तर समुद्राचं सर्वेक्षण 1960 च्या दशकात हेरिंग माशाच्या पिल्लांसाठी सुरू झालं आणि पुढे सगळ्याच तळच्या माशांपर्यंत वाढलं. अर्धा अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश अशा चौकटी, ठरलेलं जाळं, साधारण अर्ध्या तासाची ओढ. डाउनलोड केलं की तीन तक्ते हातात येतात. एचएच म्हणजे ओढीची माहिती: तारीख, जागा, खोली, मिनिटं, ओढ ग्राह्य की बाद. एचएल म्हणजे त्या ओढीत कुठल्या प्रजातीचे, किती लांबीचे, किती मासे आले. सीए म्हणजे वय, लिंग, पक्वता.

सगळी मेख एचएलमध्ये आहे. त्यात फक्त मिळालेले मासे असतात. एखाद्या ओढीत कॉड मासा आलाच नाही तर कॉडची ओळच नसते. शून्य असं कुणी लिहून ठेवत नाही. नुसत्या एचएलवरून सरासरी काढली तर ती 'जिथे कॉड सापडला तिथली' सरासरी होते. समुद्रातला कॉडचा साठा आक्रसून चार खड्ड्यांत उरला तरी हा आकडा ढिम्म हलत नाही. म्हणून आधी एचएचमधल्या सगळ्या ग्राह्य ओढी घ्यायच्या, त्यांना एचएल जोडायचं आणि जिथे काही जुळलं नाही तिथे आपण शून्य भरायचं. इथेही डोळे झाकून चालत नाही. सुरुवातीच्या हेरिंगपुरत्या सर्वेक्षणांत प्रत्येक प्रजातीची नोंद होत नव्हती, आणि त्या काळात एखाद्या बिनमहत्त्वाच्या माशासाठी शून्य भरणं म्हणजे जे कुणी मोजलंच नाही ते नव्हतं असं ठासून सांगणं. एकाच चौकटीत मग तीन शक्यता राहतात: मासा नव्हता, ओढ झाली नाही, किंवा ओढ झाली पण नोंद केली नाही. पहिली शून्य, बाकीच्या दोन कोऱ्या.

याच पठडीतली आणखी एक गोष्ट म्हणजे उणे 9. डॅट्रासमध्ये माहिती नसेल तिथे हा आकडा असतो. वाचून न घेता तळाच्या तापमानाची सरासरी काढली तर अर्धा उत्तर समुद्र गोठलेला निघेल. आणि मोजणी प्रत्यक्ष ओढीची आहे की तासाला किती अशी बदलून दिलेली, हे एका वेगळ्या रकान्यातल्या एका अक्षरावर ठरतं. तो रकाना आधी बघा, मग पुढचं.

हे एवढं का उगाळतोय, तर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉडमुळे. 1968 मध्ये तिथली पकड 8 लाख टनांच्या वर गेली होती. 2 जुलै 1992 रोजी मासेमारीवर बंदी आली. मधल्या काळात ट्रॉलरांची दर तासाची पकड बरी दिसत राहिली, कारण उरलेला कॉड दाटीवाटीने ठरावीक जागी गोळा होत होता आणि जहाजं नेमकी तिथेच जात होती. तज्ज्ञ याला हायपरस्टॅबिलिटी म्हणतात. ठरवून सगळीकडे जाळं टाकणारं सर्वेक्षण घसरण दाखवत होतं, आणि 1980 च्या दशकातले साठ्याचे अंदाज जहाजांच्या आकड्यांमुळे फुगत गेले. पकडीच्या आकड्याला जागेची जोड नसेल तर काय होतं, याचं याहून महाग उदाहरण मला माहीत नाही.

ग्लोबल फिशिंग वॉच 2016 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि वापरायला सर्वांत सोपं तेच आहे. जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात त्या एआयएस संदेशांवरून वेग आणि वळणं पाहून कोण मासेमारी करतंय हे यंत्राला शिकवलेलं आहे. 2018 च्या त्यांच्या शोधनिबंधात 2012 ते 2016 मधले 22 अब्ज संदेश आणि 70 हजारांहून जास्त जहाजं होती. औद्योगिक मासेमारी महासागराच्या 55 टक्क्यांहून जास्त भागात चालते असा निष्कर्ष निघाला. गळ लावलेल्या लांब दोऱ्या सोडणाऱ्या लाँगलायनर जहाजांची ती लांबलचक ये-जा झूम करून बघताना वेळ कसा जातो कळत नाही. पण यातून कळतात ते मासेमारीचे तास. किती आणि कुठला मासा मिळाला हे नाही. शिवाय आकडे वर्षागणिक वाढताना दिसतात त्यातली बरीचशी वाढ एआयएस बसवणारी जहाजं आणि संदेश टिपणारे उपग्रह वाढल्याची असते. 2024 मध्ये याच मंडळींनी रडार उपग्रहांच्या प्रतिमा तपासून दाखवलं की जगातली 72 ते 76 टक्के औद्योगिक मासेमारी जहाजं सार्वजनिक मागोव्यात दिसतच नाहीत. आपल्याच नकाशातली भोकं स्वतः मोजून छापणारे लोक मला आवडतात. छोट्या होड्यांकडे एआयएस बहुधा नसतोच, त्यामुळे किनाऱ्यालगतचा काळा पट्टा बघून 'इथे मासेमारी नाही' असं म्हणणं धाडसाचं.

उपग्रह येण्याआधीचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळच्या स्कॉशियन शेल्फवर हातगळाने कॉड धरणाऱ्या शिडाच्या जहाजांच्या लॉगबुकांमधून, म्हणजे जहाजावरच्या नोंदवह्यांमधून, अँड्र्यू रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1852 चा साठा सुमारे 12.6 लाख टन असा काढला. त्या लॉगबुकांत रोजची पकड आणि जागा दोन्ही आहे, म्हणून हे जमलं. लॉरेन मॅक्लेनकन यांनी तर फ्लोरिडातल्या की वेस्टच्या धक्क्यावर पकडलेल्या माशांसोबत हौशी मंडळींनी काढून घेतलेले फोटो मोजले: 1956 ते 2007 या काळात माशाचं सरासरी वजन 19.9 किलोवरून 2.3 किलोवर आलं. फोटोतल्या लोकांचं हसू मात्र तेवढंच रुंद. ब्रिटनच्या तळट्रॉलिंगमध्ये 1889 पासून मासेमारीच्या ताकदीच्या मानाने उतरणारी मासळी 94 टक्क्यांनी घटली, हा हिशोबही असाच धुळीतल्या सरकारी तक्त्यांतून निघालाय. आपली मालिका 1983 ला सुरू होत असेल तर ती कशाच्या उतारावर सुरू होते, हे अशा कामांतूनच समजतं.

जुन्या डेटात मोजण्याची पद्धत बदलत जाते, हे गृहीतच धरा. हॅडआयएसएसटी 1870 पासून एक अंशाच्या चौकोनात मिळतं, पण त्यामागे बादलीने वर काढलेलं पाणी आहे, पुढे इंजिनात घेतलेलं पाणी, मग उपग्रह. दुरुस्त्या केलेल्या आहेत, तरी जुन्या दशकांत जहाजांचे मार्ग सोडले तर बाकी बरंचसं भरून काढलेलं आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचं 1963 पासूनचं ट्रॉल सर्वेक्षण 2009 मध्ये नव्या जहाजावर गेलं, तेव्हा आदल्या वर्षी दोन्ही जहाजांनी शेजारी शेजारी जाळी ओढून अनेक प्रजातींसाठी जुने-नवे आकडे जुळवणारे गुणक काढले. असं दरवेळी झालं असतं तर माझे कितीतरी रविवार वाचले असते.

किरकोळ कटकटी भराभर सांगतो. काही फाइलींत रेखांश 0 ते 360, काहींत उणे 180 ते 180. 60 अंश अक्षांशावरचा चौकोन विषुववृत्तावरच्या निम्म्या क्षेत्रफळाचा, म्हणून चौकोनाला किती याऐवजी चौरस किलोमीटरला किती असं काढा. प्रजातींची नावं बदलतात. अलास्का पोलॉक जुन्या फाइलींत थेराग्रा आहे, नव्यांत गॅडस. सागरी प्रजातींच्या नावांची जागतिक यादी असलेल्या वर्म्सचा क्रमांक लावून मान्य नावावर आणल्याशिवाय तक्ते जोडू नका. कुठे किती मासे याचं मॉडेल करायला आरमधलं एसडीएमटीएमबी मला व्हास्ट या दुसऱ्या साधनापेक्षा सोपं गेलं. फक्त चाचणीसाठी बिंदू यादृच्छिक बाजूला काढले तर शेजारचा बिंदू उत्तर फोडतो, म्हणून अख्खे पट्टे किंवा अख्खी वर्षं बाजूला काढावीत.

आणि फाइलच्या नावात डाउनलोडची तारीख घाला. एफएओ नवी आवृत्ती काढताना मागच्या वर्षांचेही आकडे सुधारते, डॅट्रासमध्येही जुन्या सर्वेक्षणांच्या दुरुस्त्या चढत राहतात. सहा महिन्यांनी तोच कोड चालवून आलेख वेगळा आला, तर बदल समुद्रात झालाय की सर्व्हरवर, हे जुनी प्रत जपून ठेवली असेल तरच सांगता येतं.