हिनेब्रा की सान मिगेल? पीबीएमध्ये संघ धरण्याआधी

बोटीवर, आखातातल्या इस्पितळात किंवा दावाओच्या मेडिकल कॉलेजात फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर दिवस काढणाऱ्या मराठी माणसाला कधीतरी हा प्रश्न येतोच: तुझी टीम कुठली? एनबीएमधली नव्हे, त्यांच्या पीबीएमधली, म्हणजे फिलिपिन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधली. गल्लीत, चर्चच्या आवारात, डेकवर, जिथे जागा मिळेल तिथे रिंग ठोकणारी ही माणसं. त्यांच्यापुढे ‘मी बघत नाही’ हे उत्तर फार दिवस टिकत नाही.

लीगमध्ये संघ डझनभर आहेत. पण इतिहास बघून निवडायचं ठरवलं, तर माझ्या मते शेवटी दोनच नावं उरतात: बारांगाय हिनेब्रा आणि सान मिगेल बीरमेन. (स्पेलिंगकडे बघून ‘जिनेब्रा’ म्हणू नका, पहिल्याच वाक्याला पकडले जाल.)

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नंतर कळली की फसवल्यासारखं वाटतं. हे दोन्ही संघ एकाच मालकाचे, सान मिगेल कॉर्पोरेशनचे. एकाच्या छातीवर जिनचं नाव, दुसऱ्याच्या बिअरचं. मॅग्नोलिया हा तिसरा संघही त्यांचाच. पीबीएतले संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात. आपल्याकडे टाइम्स शील्डमध्ये निर्लॉन, मफतलाल, टाटा यांच्या टीम उतरायच्या तसाच हा प्रकार, फक्त पूर्ण व्यावसायिक आणि अख्ख्या देशाच्या टीव्हीवर. त्यामुळे निवड शहराची किंवा प्रांताची नाही, स्वभावाची आहे.

मुळं कुठे आहेत

पीबीए सुरू झाली ९ एप्रिल १९७५ ला, मनिलाजवळच्या केझोन सिटीतल्या आरानेता कॉलिझियममध्ये. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. सुरुवातीच्या नऊ संघांत रॉयल ट्रू-ऑरेंज नावाचा एक संघ होता, म्हणजे सान मिगेल कंपनीच्या संत्र्याच्या सरबताचा. आजचे बीरमेन ते हेच. बाकीचे आठ केव्हाच गेले, मूळ नवातला एवढा एकच संघ आजही खेळतो आहे. या एका मुद्द्यावर सान मिगेलला तोड नाही.

हिनेब्राचा जन्म १९७९ चा, गिल्बीज जिन या नावाने. पहिली काही वर्षं हा संघ असून नसल्यासारखाच होता. पण त्याच्या गोष्टीचा आरंभ त्याच्या जन्माआधीचा आहे आणि तो दुसऱ्याच संघात झाला.

सत्तरच्या दशकात लीग दोघांची होती: कापड आणि टी-शर्टवाले क्रिस्पा आणि मोटारवाले टोयोटा. क्रिस्पाची १३ विजेतेपदं, टोयोटाची ९. वैर असं की १९७७ मध्ये सामन्यानंतर दोन्ही संघ हातघाईवर आले आणि मार्शल लॉच्या त्या काळात खेळाडूंना एक रात्र फोर्ट बोनिफासिओमध्ये कोठडीत काढावी लागली. टोयोटाचे दोन मोठे चेहरे होते रॉबर्ट जावोर्स्की आणि रामोन फर्नांडेझ. एक धसमुसळा, अंगावर जाणारा गार्ड. दुसरा सडपातळ, शांत डोक्याचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. १९८४ च्या मोसमाआधी टोयोटाने गाशा गुंडाळला आणि संघ एका बिअर कंपनीच्या हाती गेला. खेळाडूंची अशी एकगठ्ठा विक्री जावोर्स्कीला मान्य नव्हती. तो फ्रान्सिस आर्नाइझला घेऊन गिल्बीजमध्ये गेला, फर्नांडेझ दुसरीकडे गेला आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

टोयोटाचे चाहते कुणाबरोबर गेले? जावोर्स्कीबरोबर. हिनेब्राची गर्दी आहे ती इथून. कंपनीने जाहिरात करून ती जमवलेली नाही.

ओठाचे टाके

१९८५. संघाचं नाव आता हिनेब्रा सान मिगेल, जावोर्स्की एकोणचाळीस वर्षांचा, खेळाडूही तोच आणि कोचही तोच. समोर एनसीसी, म्हणजे नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड सिमेंट, पाहुणा म्हणून खेळणारा तरुण हौशी संघ, पण रॉन जेकब्सने घासूनपुसून तयार केलेला. त्यांच्या जेफ मूरचं कोपर जावोर्स्कीच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. त्याला इस्पितळात नेलं, नऊ टाके पडले. इकडे संघ मागे पडलेला. चौथ्या क्वार्टरमध्ये जावोर्स्की पट्टी लावून मैदानात परत आला. तो पुन्हा उतरणार म्हटल्यावरच स्टेडियम उठलं, आणि हिनेब्राने सामना ओढून काढला.

‘नेव्हर से डाय’ ही हिनेब्राची घोषणा तुम्हाला टी-शर्टवर, जीपनीच्या (तिथल्या रंगीबेरंगी प्रवासी गाडीच्या) काचेवर, टपऱ्यांच्या फळ्यांवर दिसेल. तिच्यामागे हा सामना आहे. पुढच्याच वर्षी, १९८६ ला, बिली रे बेट्स आणि मायकल हॅकेट या दोन परदेशी खेळाडूंच्या जोरावर संघाने पहिलं विजेतेपद घेतलं. १९८८ ला दुसरं, तेव्हा नाव आन्येहो रम ६५. १९९१ च्या फायनलमध्ये शेल संघाविरुद्ध १-३ अशी पिछाडी. तिथून ३-३, आणि सातव्या सामन्याच्या अखेरच्या क्षणी रुडी डिस्ट्रिटोचा विजयी शॉट. कोच जावोर्स्की पंचेचाळीस वर्षांचा होता आणि अजून खेळत होता.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण हिशेब मांडून बघा. १९७९ ते १९९६ या अठरा मोसमांत तीन विजेतेपदं! एवढ्या तोकड्या कमाईवर देशातला सगळ्यात लाडका संघ बनणं याला काय म्हणावं? जावोर्स्की मात्र १९९८ मध्ये थेट सिनेटवर निवडून गेला.

दुसऱ्या ताटात काय आहे

सान मिगेलची नावंही कमी बदलली नाहीत: रॉयल ट्रू-ऑरेंज, गोल्ड ईगल, मॅग्नोलिया (आजचा मॅग्नोलिया संघ वेगळा), २०११ ते २०१४ पेट्रॉन ब्लेझ. पहिलं विजेतेपद १९७९ चं. १९८६ च्या सुरुवातीला तर संघ लीगमध्ये नव्हताच, मोसमाच्या शेवटच्या भागात परतला. पण परतताना काय घेऊन आला? एक्टर काल्मा, सॅम्बॉय लिम, ईव्ह्स डिग्नाडिसे, एल्मर रेयेस. म्हणजे एनसीसीचीच फळी. हिनेब्राच्या दंतकथेत जे हरलेले म्हणून येतात, त्यांच्याच पायावर सान मिगेलचं राज्य उभं राहिलं. मला या दोन इतिहासांमधला सर्वात सुरस धागा हाच वाटतो.

त्यांच्या जोडीला नॉर्मन ब्लॅक हा माजी परदेशी खेळाडू कोच म्हणून, आणि रामोन फर्नांडेझ. १९८९ मध्ये संघाने वर्षातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. तिथे याला ग्रँड स्लॅम म्हणतात. लीगच्या पन्नास वर्षांत तो पाचदाच झाला आहे: क्रिस्पा दोनदा, सान मिगेल, अलास्का, आणि २०१४ ला सान मिग कॉफी (आजचा मॅग्नोलिया).

त्याच वर्षी पहिला ऑल-स्टार सामना झाला. ज्येष्ठांच्या संघात जावोर्स्की आणि फर्नांडेझ दोघेही, पाच वर्षं एकमेकांशी न बोललेले. १३०-१३० बरोबरी, काही सेकंद बाकी. जावोर्स्कीने बाहेरून चेंडू आत दिला, फर्नांडेझने बास्केट केली, सामना १३२-१३०. कोच बेबी डालूपान यांनी दोघांना जवळ ओढून हात मिळवायला लावले. जुने चाहते ग्रँड स्लॅमपेक्षा या पासबद्दल जास्त बोलतात.

पुढचं सान मिगेल म्हणजे शिस्तीत चालणारा कारखाना. २००० आणि २००१ चा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू डॅनी इल्डेफोन्सो त्यांचाच. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने होणारी निवड) पहिल्या क्रमांकावर त्यांनी सेबूचा जून मार फाहार्दो उचलला. फाहार्दो २०१४ ते २०१९ सलग सहा वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. हा माणूस मैदानावर ना ओरडत, ना छाती पिटत; बास्केटखाली जागा धरून उभा राहतो आणि समोरच्याचा खेळ संपवतो. त्याच्या भोवती संघाने २०१५ ते २०१९ सलग पाच फिलिपिन कप (वर्षातल्या स्पर्धांपैकी एक) घेतले. जुलै २०२५ ला फिलिपिन कप जिंकून विजेतेपदांचा आकडा ३० वर नेला. लीगमध्ये कुणीही याच्या आसपास नाही. हिनेब्राची त्या वेळी १५ होती, बरोबर निम्मी.

आणि सान मिगेलच्या इतिहासात थरार नाही असं म्हणणाऱ्याने २०१६ ची फायनल बघावी. अलास्काविरुद्ध पहिले तीन सामने हरले, फाहार्दो गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर. चौथा सामना त्याच्याविना वाचवला, पाचव्याला तो परतला, आणि मालिका ४-३ अशी फिरवली. ०-३ वरून फायनल जिंकणारा पीबीएतला तो पहिला संघ. ख्रिस रॉस या गार्डला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, आणि ते योग्यच होतं.

समोरासमोर

निवडीसाठी माझ्या मते सर्वात उपयोगी पुरावा इथे आहे. वर्षातल्या स्पर्धांपैकी फिलिपिन कपमध्ये परदेशी खेळाडू चालत नाही. कमिशनर्स आणि गव्हर्नर्स कपमध्ये प्रत्येक संघाला एक ‘इम्पोर्ट’ मिळतो. २०१७ च्या फिलिपिन कप फायनलमध्ये सान मिगेलने हिनेब्राला ४-१ असं लोळवलं. २०१८ च्या कमिशनर्स कप फायनलमध्ये हिनेब्राने सान मिगेलला ४-२ हरवलं. फरक एका माणसाचा: जस्टिन ब्राउनली.

हिनेब्राला २००८ नंतर आठ वर्षं काहीच मिळालं नव्हतं. २०१६ च्या गव्हर्नर्स कपमध्ये मेराल्कोविरुद्ध सहाव्या सामन्यात ८८-८८ असताना ब्राउनलीने शेवटच्या ठोक्याला तीन गुणांचा शॉट टाकला आणि दुष्काळ संपला. तिथून २०२३ च्या जानेवारीपर्यंत कोच टिम कोनच्या हाताखाली सात विजेतेपदं आली. त्यातली सहा ब्राउनलीबरोबरची, परदेशी खेळाडूविना जिंकलेली एकच, २०२० ची, कोविडमुळे क्लार्कमध्ये बंदिस्त खेळलेली. पुढे ब्राउनलीला फिलिपिन्सचं नागरिकत्व मिळालं आणि २०२३ च्या हांगझो एशियाडमध्ये कोनच्याच संघातून त्याने देशाला १९६२ नंतरचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं.

म्हणजे स्थानिक खेळाडूंच्या बळावर कोण मोठं, याचं उत्तर निर्विवाद सान मिगेल. गर्दीचं उत्तर तितकंच निर्विवाद हिनेब्रा. २०१७ मध्ये मेराल्कोविरुद्धच्या सातव्या सामन्याला फिलिपिन अरेनात ५४,०८६ लोक होते. जानेवारी २०२३ ला हाँगकाँगहून आलेल्या बे एरिया ड्रॅगन्सविरुद्ध ५४,५८९. त्या गर्दीत बहुतेक लाल शर्ट ‘बारांगाय’चे. बारांगाय म्हणजे तिथली वाडी-वस्ती, सर्वात खालचं प्रशासकीय एकक, आणि चाहते स्वतःला तेच म्हणवतात.

खटकणाऱ्या गोष्टी

एका कंपनीचे तीन संघ, प्रतिस्पर्धी गटाचेही तीन (टीएनटी, मेराल्को, एनएलईएक्स). गरीब संघांचे चांगले खेळाडू फिरून फिरून या सहांकडेच जातात, ही जुनी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य आहे. २०१७ मध्ये किया संघाने ड्राफ्टमधला पहिला क्रमांक सान मिगेलला देऊन टाकला. त्या क्रमांकावर त्यांनी ख्रिस्तियान श्टांडहार्डिंगरला घेतलं. मोठा गदारोळ झाला, सौद्याला मान्यता देणाऱ्या लीगच्या कमिशनर नार्वासांना पद सोडावं लागलं. श्टांडहार्डिंगर पुढे नॉर्थपोर्टमार्गे कुठे पोचला? हिनेब्रात. हात दोघांचेही बरबटलेले आहेत, तेव्हा या मुद्द्यावर एकाला साधू ठरवू नका.

हिनेब्राच्या बाजूची आणखी एक अडचण म्हणजे त्यांचे चाहते रेफरींवर जे तोंडसुख घेतात ते. १९९० च्या फायनलमध्ये तर संघच रेफरींवर रागावून सामना अर्धवट टाकून निघून गेला होता. जावोर्स्कीच्या गोष्टी सांगताना हा भाग लोक पटकन उरकतात.

तर मग

खेळ समजून घ्यायचा असेल, बास्केटखालचं काम, पासिंग, संघाची बांधणी हे बघण्यात रस असेल, तर सान मिगेल धरा आणि फिलिपिन कप बघा. हरण्याचे दिवस कमी येतील. मात्र आकड्यांसाठी निवडलात तर मित्रांमध्ये थोडं टोमणे खाण्याची तयारी ठेवा. ३० विजेतेपदं असलेल्याच्या बाजूला जाणं कुणाला धाडस वाटत नाही.

इतिहास हवा असेल, म्हणजे १९७७ च्या कोठडीपासून आजपर्यंत सलग पोचणारी गोष्ट, तर हिनेब्रा. मी हिनेब्राच्याच बाजूचा. क्रिस्पा-टोयोटाचा काळ आज जिवंत भेटतो तो त्यांच्याच सामन्यांत. सुरुवात इम्पोर्ट असलेल्या स्पर्धेतल्या मॅग्नोलियाविरुद्धच्या सामन्याने करा. त्या लढतीला तिथे ‘मनिला क्लासिको’ म्हणतात. मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे तिथला संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे पाचला लागतो. ऑफिसात असाल तर निकाल आधी न बघण्याची काळजी घ्या.

आणि सान मिगेल कंपनीच्या छत्राखाली जायचंच नसेल तर? पूर्वी मी अलास्का सांगितलं असतं: एक मालक, १४ विजेतेपदं, १९९६ चा ग्रँड स्लॅम तोही कोनच्याच हाताखाली. पण २०२२ मध्ये तो संघ विकला गेला. आता रेन ऑर शाइन बघा. रंगाच्या डब्याचं नाव, दोनच विजेतेपदं, २०१२ आणि २०१६ ची, आणि कोच येंग गियाओ, जो खासदारही राहिलाय आणि रेफरींशी कुठल्याही हिनेब्रावाल्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडतो.