ह्युमिडिफायर, मीटर आणि दीडशेचा डबा: लातूरच्या उन्हाळ्यात कात टाकताना

सापाला कात नीट टाकता यावी म्हणून पेटीतली हवा दमट ठेवायला ऑक्टोबरात हौसेनं घेतलेला ह्युमिडिफायर जुलैत माळ्यावर गेला. नऊ महिने वापरून झाला, आता लिहायला हरकत नाही.

आमच्याकडे बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आहे, मादी, वजन १,६२० ग्रॅम. नाव मांजरा, नदीवरून. पाहुण्यांना वाटतं मांजर पाळलंय, मग पेटीजवळ गेले की चहा न घेताच निघतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी केली आहे. (धामण, नाग, आपला अजगर हे घरात ठेवणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. 'शेतात सापडला, ठेवू का' असं विचारू नका, सर्पमित्राला बोलवा.)

आधी ह्युमिडिफायर. ११५० रुपये, दोन लिटरची टाकी, नळीतून पेटीत धुकं सोडतो. दिसतं भारी. पण आमच्या बोअरच्या पाण्यानं आठ दिवसांत पेटीच्या काचेवर पांढरी भुकटी धरली आणि महिन्यात धुकं अर्ध्यावर आलं. आरओचं पाणी सुरू केलं तर आई म्हणाली, "आपल्याला नळ आठ दिवसाला, अन् हिला फिल्टरचं!" तिचंही खरंच होतं. त्यात धुकं पडून खाली पसरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओलं राहायचं. फेब्रुवारीत पोटाचे खवले तपकिरी दिसायला लागले. खवले सडण्याची ती सुरुवात होती. कोकोपीट कोरडं केल्यावर थांबलं.

खरा दणका एप्रिलमध्ये बसला. कात टाकायच्या आधी होतात तसे तिचे डोळे दुधाळ झाले, मग चार दिवसांनी स्वच्छ झाले. कात निघते ती डोळे स्वच्छ झाल्यानंतर तीन-चार दिवसांनी, त्यामुळे 'झालं वाटतं' म्हणून याच काळात दुर्लक्ष होतं. पेटीतला आर्द्रतेचा मीटर ६५ टक्के दाखवत होता, मी निश्चिंत. प्रत्यक्षात कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची दोन कडी राहिली आणि उजवा डोळा मळकट. कारण नंतर कळलं. मीटर मी धुक्याच्या नळीशेजारीच चिकटवला होता. ती झोपते त्या गरम टोकाला मोजलं तर ३१ टक्के. हवा तापली की तीच हवा कोरडी ठरते, हे शाळेत शिकलो होतो, पेटीत वापरलं नव्हतं. शिवाय हॉलमधला कूलर चालू असला की खोलीत ४५-५० टक्के असायचं, लाइट गेली की तासाभरात २० टक्क्यांवर यायचं.

शेपटीवरची कडी तशीच राहिली तर रक्तपुरवठा तुटून टोक गळतं, म्हणून डॉक्टरकडे नेलं. चिमट्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवून मग ओल्या टॉवेलमधून तिला स्वतःच सरकू द्यायचं. कडी निघाली. डोळ्यावरची कात मात्र पुढच्या वेळेपर्यंत तशीच ठेवली. ओढायला गेलं तर डोळा जायचा.

मीटर (३८० रुपये) वाईट नाही, पण तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात पाण्याचे चार थेंब, चिखलासारखं होईल इतकंच. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत रात्रभर. आकडा ७५ यायला हवा. माझा ६६ आला. तेव्हापासून वाचताना ९ मिळवतो.

आता डबा. भांड्यांच्या दुकानातला झाकणाचा प्लास्टिक डबा, १५० रुपये. बाजूला तिचं अंग जाईल एवढं भोक पाडून कडा मेणबत्तीनं गुळगुळीत केल्या. आत ऑर्किडवाले वापरतात ते स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळकं शेवाळ), भिजवून घट्ट पिळलेलं. बाकी पेटी कोरडी, फक्त डबा ओला. डोळे दुधाळ झाले की ती आपण होऊन आत जाते आणि कात टाकेपर्यंत पाणी प्यायलाच बाहेर येते. तोटा एकच, मॉसला बुरशी धरते. दहा दिवसांनी बदला.

याच डब्यानं दुसरं कामही केलं. हिवाळ्यापासून तिनं खाणं सोडलं होतं, अंग मध्ये जाड. सोनोग्राफीत बीजकोश (तयार होत असलेली अंडी) दिसले. नर नसतानाही मादीत ते वाढतात, बहुतेक वेळा शरीरातच जिरतात, कधी वांझ अंडी बाहेर येतात. मेअखेरीस कात टाकली, अखंड. डॉक्टर म्हणाले, अंडी येणार असतील तर यानंतर महिनाभरात. काही अंडी घातली आणि एखादं अंडं गाठीसारखं आत राहिलं तर दाबून काढायचं नाही, त्याच दिवशी आणायचं. जूनअखेरीस सकाळी डब्यात तीन पिवळट, लिबलिबीत अंडी, आणि ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून. हलक्या हातानं पोट चाचपलं, गाठ नव्हती. अंडी काढली, डबा धुतला. सहाव्या दिवशी तिनं उंदीर खाल्ला, डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

ह्युमिडिफायरला पाचपैकी दीड, मीटरला साडेतीन, डब्याला पाच. मेची कात अजून आहे. डोक्याच्या भागात भिंगासारख्या दोन गोल चकत्या आहेत, उजवीकडची जरा जाड, एप्रिलची आणि मेची एकावर एक चिकटलेली. आईनं ती तिजोरीत ठेवू म्हणून मागितली आहे, पण ते डोकं मी देणार नाही.