चार तारे, पाचवा बिलिंग काउंटरने घालवला

दुर्बिणीतून करायच्या सोनोग्राफीसाठी, म्हणजे ईयूएससाठी, जुलैत आम्ही तासगावहून पुण्याला या हॉस्पिटलात आलो.

मिस्टरांना २०२१ पासून मायलोमा आहे. बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा, रक्ताचाच कॅन्सर. बोर्टेझोमिबची इंजेक्शनं झाली, मग लेनालिडोमाइडच्या गोळ्यांवर गाडी बरी चालली होती, बागेत रोज एक चक्कर व्हायची. जूनअखेर अंगाला खाज सुटली, लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे. शेजारच्या काकूंनी काविळीचा पाला आणून दिला, तो मी गुपचूप फेकला. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ११. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी साडेतीन सेंटिमीटरची गाठ, आणि तिने पित्तनळी दाबलेली.

एका मोठ्या हॉस्पिटलात सर्जननी फिल्म उजेडाला धरली आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणून सांगून टाकलं. व्हिपल करायचं, पुढच्या गुरुवारी. म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय, पित्तनळीचा भाग हे सगळं काढून उरलेलं पुन्हा जोडायचं. सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरसाठी बघतात तो रक्तातला आकडा, वाढलेला होता. नुसत्या काविळीनेही तो वाढतो, हे मला नंतर कळलं. मायलोमाची फाइल पुढे केली तर "तो आजार वेगळा" म्हणत त्यांनी ती परत माझ्याकडे सरकवली.

आमच्या रक्ताच्या डॉक्टरांना फोन लावला. "ताई, तुकडा तपासल्याशिवाय सुरी लावू देऊ नका," म्हणाले आणि इथली चिठ्ठी दिली.

इथल्या तरुण डॉक्टरांनी ती जाडजूड फाइल पहिल्या पानापासून वाचली. मध्येच मान वर करून विचारलं, "लाइट चेन कुठली, कप्पा की लॅम्डा?" मायलोमाच्या पेशी जे प्रथिन बनवतात, त्याचे हे दोन प्रकार. पोटाच्या डॉक्टरच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला. मग समजावलं: मायलोमाच्या पेशी कधीकधी मॅरो सोडून बाहेर घर करतात. स्वादुपिंडात फार क्वचित, पण करतात, आणि स्कॅनवर ती गाठ स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरसारखीच दिसू शकते. लॅबच्या फॉर्मवर त्यांनी स्वतः ठळक अक्षरात 'जुना मायलोमा' लिहिलं. ते लिहिलं नाही, तर लॅबवाले प्लाझ्मा पेशींच्या तपासण्या लावतीलच असं नाही म्हणे. फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखायच्या तपासणीसाठी, नमुन्याची एक बाटली वेगळी काढायची, हेही आधीच ठरवलं. नर्सने रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं न विसरता विचारलं. लेनालिडोमाइडबरोबर यांना अ‍ॅस्पिरिन चालूच होती.

भूल देऊन, आतड्याच्या भिंतीतून गाठीत सुई घातली. पॅथॉलॉजीच्या मॅडम मायक्रोस्कोप घेऊन त्याच खोलीत बसल्या होत्या. पेशी पुरेशा आल्यात म्हणाल्या तेव्हाच सुई थांबली. त्याच भुलीत ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनळीत स्टेंट टाकला, पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी. एक रात्र राहिलो.

सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. प्लाझ्मा पेशी, त्यांची खूण असलेला सीडी १३८ पॉझिटिव्ह, लॅम्डा. २०२१च्या मॅरो रिपोर्टमध्येही लॅम्डाच होतं. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "अभिनंदन काकू, पॅनक्रियाजचा नाही!" हसावं की रडावं कळेना. मॅरोबाहेर पडलेला मायलोमा चिवट असतो, हे रक्ताच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. पण गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. या गाठी रेडिएशनला चांगला प्रतिसाद देतात, म्हणून ते दिलं, आणि आता डाराटुमुमॅब हे मायलोमाचं औषध सुरू आहे. डोळे पांढरे झाले, खाज गेली, परवा बागेत गेले होते. काठी घेऊन, पण गेले.

आता तक्रारी. सुई एकदाच वापरायची असते आणि तिचे पैसे वेगळे लागतात, हे बिल हातात पडल्यावर कळलं. अंदाजपत्रकात ते का नाही? संमतीपत्र फक्त इंग्रजीत. सही मी केली, पण अर्थ वॉर्डबॉयने सांगितला. वेटिंगमध्ये एसी इतका, की हिमोग्लोबिन आठ असलेला माणूस कुडकुडतो. शाल न्या. उपमा बरा आहे, चहा घेऊ नका.

आणि तपासलेल्या तुकड्याचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्याच, पुढच्या डॉक्टरांना लागतात. मात्र दोनच्या आत जा. दोनला तो माणूस जेवायला उठतो, तो चारशिवाय उगवत नाही.