ब्रश, कांड्या की जेल: कुत्र्या-मांजरांच्या दातांसाठी घरी काय निवडावे?

सांगलीच्या बहुतेक घरांत कुत्र्याला रोज दूध-भाकरी आणि रविवारी मटणाचे हाड मिळते, आणि हाड चघळले की दात आपोआप साफ होतात, असे मानले जाते. दातांच्या काळजीचा पर्याय म्हणून हाडाचा विचार मी प्रथमच बाजूला ठेवतो, कारण शिजवलेल्या हाडाच्या किरचा घशात आणि आतड्यात रुततात, आणि टणक हाड फोडताना वरच्या जबड्यातील सर्वांत मोठ्या दाढेचा कपचा उडण्याची भीती असते.

उरलेले पर्याय तोलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर पुन्हा बसू लागतो आणि तो तसाच राहिला, तर लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत त्याचे टणक किटण होऊ लागते. मऊ थर घरी निघतो. किटण मात्र घरी निघत नाही आणि ते नखाने किंवा चिमट्याने खरवडू नये.

या कसोटीवर ब्रश निर्विवाद पहिला ठरतो. तो रोज फिरवावा, निदान एक दिवसाआड तरी. आठवड्यातून एकदा केलेल्या ब्रशचा फारसा उपयोग होत नाही. तोंड उघडायला लावण्याची गरज नसते: ओठ हलकेच वर उचलून, मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून, वरच्या दाढांची गालाकडील बाजू घासावी, कारण लाळग्रंथीची नळी तिथे उघडत असल्याने किटण सर्वाधिक तिथेच साचते. ब्रश सहन न करणाऱ्या जनावरासाठी बोटाला ओले गॉज गुंडाळूनही सुरुवात करता येते. पेस्ट मात्र प्राण्यांसाठीचीच हवी. आपल्या पेस्टमधील फ्लोराइड आणि फेस त्यांच्या पोटात जातो, आणि काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्याची रक्तशर्करा एकदम खाली आणून जिवावर बेतू शकते.

चघळण्याच्या कांड्या ज्यांना रोज वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी उपयोगी आहेत, पण त्यांचा परिणाम मुख्यतः दाढांवर होतो. सुळे आणि पुढचे दात तसेच राहतात. नखाने दाबल्यावर खूण न उमटणारी कांडी दातांसाठी फार टणक समजावी. कांडी न चावता गिळणाऱ्या कुत्र्याला ती देऊच नये, आणि तिच्यातील उष्मांक रोजच्या खाण्यातून वजा करावेत. अमेरिकेतील व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल चाचण्यांचे पुरावे पाहून काही उत्पादनांना मान्यताचिन्ह देते. वेष्टनावर ते असल्यास निवड सोपी होते.

मांजरासाठी मी जेलला पसंती देईन, कारण ब्रश न घेणारे मांजरही बोटावरचे जेल बहुधा सहन करते. पाण्यात मिसळायचे द्रावण सर्वांत सोयीचे आणि माझ्या मते सर्वांत दुबळे आहे. शिवाय चव बदलली म्हणून मांजराने पाणी कमी पिणे आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अजिबात परवडणारे नाही.

हळदीच्या या पेठेत हिरड्यांना हळद-तेल चोळण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्यातून काही साध्य होत असेल, तर ते मुख्यतः बोट घासल्यामुळे, म्हणून तेच बोट गॉज गुंडाळून फिरवणे अधिक चांगले. मीठ आणि खाण्याचा सोडा टाळावा; लवंगेचे तेल तर मांजराच्या तोंडाला कधीच लावू नये.

तोंडाला दुर्गंधी येत असेल, हिरड्यांची कड लाल दिसत असेल किंवा जनावर एकाच बाजूने चावत असेल, तर यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी पशुवैद्यांना दाखवावे, कारण दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला की ते कायमचे बिथरते. किटण काढण्यासाठी भूल द्यावी लागते, याची अनेकांना धास्ती वाटते. परंतु भूल न देता केलेली सफाई दिसणाऱ्या भागापुरतीच होते आणि खरा आजार हिरडीखाली तसाच राहतो. भुलीपूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी, विशेषतः जनावर वयस्क असल्यास. साताऱ्याकडच्या वाचकांना शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येईल. सफाईनंतर हिरड्या बऱ्या झाल्या की डॉक्टरांना विचारून लगेच ब्रश सुरू करावा, कारण नवा थर त्याच दिवसापासून बसू लागलेला असतो.