सिंगापूर की पेनांग? नागपूरहून पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्यांसाठी

नागपूरच्या घरांत परदेशवारीचा विषय निघाला की दुबई, थायलंड आणि सिंगापूर या तीन नावांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. त्यातही मुलांच्या सुट्ट्या, आई-बाबांची तब्येत आणि आठवडाभराची रजा यांचा मेळ घालायचा म्हटलं की बहुतेकांचं सिंगापूरवर एकमत होतं. माझं म्हणणं एवढंच, की पैसे भरण्याआधी पेनांगचाही विचार करा. मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं हे बेट आणि त्यावरचं जॉर्जटाउन हे जुनं शहर. दोन्ही ठिकाणं मला आवडतात, पण चालता येणाऱ्या आणि खाण्याची हौस असलेल्या माणसाला मी पेनांगलाच जायला सांगेन.

खरं तर दोन्ही शहरांचा जन्म एकाच कंपनी सरकारच्या पोटी झाला. ईस्ट इंडिया कंपनीसाठी फ्रान्सिस लाइटने 1786 मध्ये पेनांगवर ठाणं वसवलं. सिंगापूरचं ठाणं आलं 1819 मध्ये. 1826 मध्ये मलाक्कासह ही तिन्ही बंदरं एका कारभाराखाली आली तेव्हा राजधानी पेनांगला होती. 1832 मध्ये ती सिंगापूरला हलली आणि व्यापार, पैसा, माणसं हळूहळू तिकडे वळली. पेनांग मागे पडलं, पण त्यामुळेच जुने रस्ते शाबूत राहिले. शिवाय जुन्या घरांची भाडी बांधून ठेवणारा कायदा 2000 सालापर्यंत लागू होता, त्यामुळे ती पाडून टॉवर उभे करण्यात मालकांना फारसा रस नव्हता. 2008 मध्ये जॉर्जटाउन आणि मलाक्का युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

आधी सिंगापूरच्या पारड्यात काय आहे ते बघू, कारण ते पारडं हलकं नाही. मेट्रो इतकी सोपी आहे की पहिल्याच दिवशी मुलं नकाशा वाचू लागतात. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन फिरणं जमतं. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. चांगी विमानतळालगतच्या ज्वेल मॉलमधला 40 मीटर उंचीचा धबधबा, गार्डन्स बाय द बे मधला संध्याकाळचा प्रकाशाचा खेळ आणि बोटॅनिक गार्डन्स हे सगळं फुकट बघता येतं. तिकिटं लागतात ती सेंटोसा, प्राणिसंग्रहालय, नाइट सफारी यांची, आणि चौघांच्या कुटुंबाचा खिसा तिथेच रिकामा होतो.

मात्र सिंगापूरमध्ये काय बघायचं हे तुम्हाला निघण्याआधीच ठाऊक असतं. फोटो पाहिलेले असतात, शेजाऱ्यांनी सांगितलेलं असतं, आणि तिथे गेल्यावर यादीवर खुणा करत जायचं. जॉर्जटाउनमध्ये यादी लवकर संपते. मजा त्यानंतर सुरू होते. नागपूरकराला हे वेगळं समजावायला नको. वाघ बघायला येणारे पाहुणे विमानतळावरून थेट ताडोबा नाहीतर पेंच गाठतात. महालात, इतवारीत, सीताबर्डीत त्यातले किती जण पाय ठेवतात?

जालान मस्जिद कपितान केलिंग या एका रस्त्याने सुरुवात करा. भारतीय कैद्यांच्या श्रमांतून उभं राहिलेलं सेंट जॉर्जेस चर्च, चिनी लोकांचं करुणेच्या देवीचं मंदिर, तमिळ मुसलमानांची मशीद हे सारं या रस्त्यावर वा त्याला लागूनच आहे; 1833 सालचं महामारिअम्मन देऊळही दोन पावलांवर. सिंगापूरच्या चायनाटाउनमध्येही अशी शेजारशेजारची देवळं-मशिदी आहेत, हे कबूल करायला हवं. फरक आजूबाजूच्या वस्तीत आहे. जॉर्जटाउनमध्ये खाली दुकान, वर घर अशा अरुंद, खोलवर गेलेल्या वाड्यांची रांगच रांग लागते आणि कित्येक घरांत अजून तोच धंदा चालतो: उदबत्त्या वळणारे, वेताच्या वस्तू विणणारे, पाट्या कोरणारे. समुद्राकडे गेलात की च्यू जेटी लागते. एकाच आडनावाच्या चिनी कुटुंबांची ही वस्ती पाण्यात खांब रोवून उभी आहे. फळ्यांच्या वाटेने चालताना खाली भरतीचं पाणी दिसतं, दारात लाल देव्हारा, बाजूला वाळत घातलेले कपडे. लोक तिथे राहतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा आणि उघड्या दारांतून कॅमेरे आत घालू नका.

गल्ल्यांतल्या भित्तिचित्रांपुढे फोटोसाठी लोक रांगा लावतात. जाता जाता बघा, त्यासाठी वेगळा दिवस नको.

आता आपल्या नागपूरच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. ज्या घरांत 14 ऑक्टोबर 1956 ही तारीख सणासारखी जपली जाते, त्यांच्यासाठी पेनांग विशेष आहे. लोरोंग बर्मा या गल्लीत एका बाजूला थाई विहार आहे, त्यात 33 मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती. समोरच 1803 साली स्थापन झालेला बर्मी विहार. आणि एअर इतामच्या डोंगरउतारावर केक लोक सी हे चिनी बौद्ध मंदिर. तिथला 1930 मध्ये पूर्ण झालेला पॅगोडा शांतपणे, खालून वर बघा: पाया चिनी अष्टकोनी, मधले मजले थाई, माथा बर्मी. तीन देशांच्या बौद्ध परंपरा एकाच इमारतीत एकमेकींवर उभ्या आहेत. सिंगापूरचं बुद्ध दंत मंदिरही देखणं आहे, पण ते 2007 सालचं आहे. पॅगोड्यासमोर उभं राहून जे भरून येतं, ते मला तिथे जाणवलं नाही. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत, सकाळी लवकर जा.

खाण्याचं म्हणाल तर सावजी खाणाऱ्यांना नासी कांदार घरचंच वाटेल. तमिळ मुसलमान फेरीवाले पूर्वी कावडीवर भात-रस्सा घेऊन फिरत, त्याची आता हॉटेलं झाली आहेत. भातावर तीन-चार वेगवेगळे रस्से एकत्र ओतून घ्यायचे, तोच खरा प्रकार. शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. आसाम लाक्सा या आंबट नूडल-रश्शाचं पाणी माशाचं असतं, ‘चार क्वे तिओ’ या परतलेल्या नूडल्समध्ये कोळंबी आणि पुष्कळदा डुकराची चरबी, आणि साध्या भाजीतसुद्धा सुक्या कोळंबीचं वाटण पडतं. विचारूनच खा. लिटल इंडियात केळीच्या पानावरचं जेवण, सकाळी पराठ्यासारखी रोटी चनाई आणि डाळ, चिनी बौद्धांची निव्वळ शाकाहारी हॉटेलं, दुपारी बर्फ घातलेलं जायफळाच्या फळाचं सरबत, एवढ्यावर आठवडा सहज निघतो. जैन जेवणाची अडचण असेल तर सिंगापूरचा सेरंगून रोड अधिक सोयीचा.

पैशांचा हिशेब सरळ आहे. सिंगापूर डॉलर 60 रुपयांच्या वर, मलेशियाचा रिंगिट 20 च्या आसपास. सिंगापूरला आधी व्हिसा लागतो. मलेशियाने डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढली आहे, आणि ही सवलत 2026 अखेरपर्यंत आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन अर्ज तेवढा भरायचा. नागपूरहून थेट विमान दोन्हीकडे नाही. इंडिगोने डिसेंबर 2024 मध्ये चेन्नई–पेनांग थेट सेवा सुरू केली, तिचं सध्याचं वेळापत्रक बघून घ्या. चेन्नईला जायला जीटी किंवा तमिळनाडू एक्सप्रेस आहेच. नाहीतर क्वालालंपूर गाठून तिथून तासाभराचं विमान. किंवा रेल्वेने सुमारे चार तासांत बटरवर्थ आणि पुढे फेरीबोट. मी बोटीची बाजू घेईन, कारण शहर समोरून हळूहळू जवळ येतं.

तान्हं मूल, व्हीलचेअर किंवा अगदी चारच दिवसांची रजा असेल तर सिंगापूरच करा. जॉर्जटाउनच्या ओसरीवजा फुटपाथांवर स्कूटर आणि टेबलं असतात, पायऱ्या मध्येच चढ-उतरतात, मेट्रो नाही. बस किंवा ॲपवरची टॅक्सी यांवरच भिस्त.

पेनांग ठरलंच तर सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा, पाऊस मुक्काम ठोकतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मुलांच्या शाळेमुळे उन्हाळाच जमत असेल तरी हरकत नाही, आपल्या 45 अंशांपुढे तिथले 32 काहीच नाहीत, घाम मात्र निथळतो. जूनपर्यंत सुट्टी लांबली तर बेटाच्या पलीकडच्या अंगाला बालिक पुलाऊमध्ये दुरियन या उग्र वासाच्या फळाचा हंगाम मिळेल. फणस आवडणाऱ्यांनी जरूर चाखावा, पण तिथेच संपवावा; बहुतेक हॉटेलांत तो खोलीत न्यायला सक्त मनाई आहे.